थॉमस अल्वा एडिसन आणि विजेच्या गाडीची बॅटरी



आज एका अशा माणसाचं चरित्र घेऊन आले आहे, ज्याची गोष्ट तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी मुलांना सांगितली आहे. थॉमस अल्वा एडिसन. बल्बचा शोध लावताना ते हजारो वेळा अपयशी झाले पण त्यांनी हार मानली नाही, ही ती गोष्ट. मीही ती पंधरा-सोळा वर्षं सांगत आले. परिपाठात सांगितली, पालकसभेत सांगितली. मागच्या वर्षी मात्र वर्गातल्या दोन मुलांनी मला असं काही अडवलं की ती गोष्ट पुन्हा मुळापासून वाचावी लागली.

झालं असं की सातवीच्या वर्गात ऊर्जेवर बोलणं चाललं होतं. एका मुलाने हात वर केला. त्याचे बाबा वर्तकनगरहून डोंबिवली एमआयडीसीत इलेक्ट्रिक स्कूटरने कामाला जातात. जाऊन-येऊन पंचावन्न-साठ किलोमीटर. स्कूटर घेताना सांगितलं होतं की एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटर जाईल. प्रत्यक्षात पासष्टलाच मान टाकते. एका रात्री कळव्याच्या अलीकडेच ती बंद पडली आणि बाबा ती ढकलत घरी आले. स्कूटर कर्जावर घेतलेली. आता ती विकायची की ठेवायची यावरून घरात रोज वाद. मुलाचा प्रश्न साधा होता. कंपनीवाले खोटं बोलतात का?

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने दुसरा प्रश्न टाकला. बाई, तुम्हीच म्हणालात ना की एडिसनने हजारो वेळा प्रयत्न करून बल्ब बनवला, मग आताचे शास्त्रज्ञ तसेच प्रयत्न करून चांगली बॅटरी का बनवत नाहीत?

खरं सांगते, मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते, असं म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येऊन वाचायला बसले आणि चकितच झाले. हजारो प्रयोगांची जी गोष्ट आपण बल्बच्या नावावर सांगतो, ती मुळात एडिसनच्या सहकाऱ्याने बॅटरीबद्दल सांगितलेली आहे. तीही विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीबद्दल! म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर एडिसनच्याच आयुष्यात होतं. ते कसं, ते बघू या.

आगगाडीतला मुलगा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, मिलान नावाच्या गावी झाला. सात भावंडांत तो शेंडेफळ. पुढे कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन इथे राहायला गेलं. शाळेत तो काही महिनेच टिकला. आई नॅन्सी ही पूर्वी शिक्षिका होती. तिने मुलाला घरीच शिकवलं, पुस्तकांची गोडी लावली आणि तळघरात रसायनांच्या बाटल्या जमवू दिल्या. पालकहो, घरातला हा पसारा सहन करणं किती अवघड असतं हे तुम्हाला सांगायला नको.

बाराव्या वर्षी टॉम पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या आगगाडीत वर्तमानपत्रं आणि खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने छोटी प्रयोगशाळाही थाटली. लहानपणापासूनच त्याला कमी ऐकू येऊ लागलं आणि हे बहिरेपण जन्मभर वाढत गेलं. १८६२ मध्ये त्याने एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला रुळावरून ओढून वाचवलं. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारायंत्र चालवायला शिकवलं.

आणि इथेच बॅटरी त्याच्या आयुष्यात आली. घराघरांत वीज येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. तारायंत्राला लागणारी वीज बॅटऱ्यांतूनच येई. काचेची भांडी, त्यांत आम्ल, आम्लात बुडवलेले धातूचे तुकडे. तारेवरचं काम म्हणजे या भांड्यांची निगा आलीच. लुईव्हिल गावी रात्रपाळीला असताना टॉमने बॅटरीशी खेळता खेळता आम्ल सांडलं, ते फळ्यांच्या फटीतून खाली गेलं आणि खालच्या मजल्यावर साहेबाच्या टेबलावर पडलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. बॅटरीने एडिसनला दिलेला हा पहिला फटका. शेवटचा नव्हता.

दिवा लागला

पुढचा भाग तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. १८७६ मध्ये एडिसन यांनी न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्क इथे प्रयोगशाळा उभारली. १८७७ मध्ये ध्वनिमुद्रण करणारा फोनोग्राफ आला. १८७९ मध्ये टिकाऊ तंतूचा विजेचा दिवा. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्यांचं वीजकेंद्र सुरू झालं.

मधली एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. १८८० मध्ये एडिसन यांनी मेन्लो पार्कमध्ये छोटी विजेची रेल्वेही चालवून पाहिली. तिला लागणारी वीज केंद्रातून येऊन रुळांतून गाडीपर्यंत पोचत होती. गाडीला स्वतःजवळ वीज साठवून न्यावी लागत नव्हती.

हे वाचताना मला आपलं ठाणे स्टेशन आठवलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आलेली पहिली प्रवासी आगगाडी आपल्या ठाण्यात थांबली, ती कोळशाची. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी विजेची पहिली लोकल धावली. आज डोंबिवली-कल्याणच्या लोकल हजारो माणसं घेऊन दिवसभर पळतात आणि चार्जिंगसाठी कधी थांबत नाहीत. कारण त्यांच्या डोक्यावर तार आहे. गाडी रुळ सोडून रस्त्यावर आली की तार सुटते. मग वीज बरोबर बांधून न्यावी लागते. खरी अडचण इथून सुरू होते, आणि एडिसन यांना ती चांगली ठाऊक होती.

फोर्डची भेट

ऑगस्ट १८९६. एडिसनच्या वीज कंपन्यांमधल्या लोकांचं संमेलन न्यूयॉर्कजवळ भरलं होतं. डेट्रॉइटच्या कंपनीतला एक तरुण इंजिनिअर तिथे आला होता. त्याने नुकतीच घरच्या शेडमध्ये पेट्रोलवर चालणारी चारचाकी बनवली होती. त्याचं नाव हेन्री फोर्ड. कुणीतरी त्याला एडिसनजवळ नेऊन बसवलं. कमी ऐकू येत असल्याने एडिसन कान पुढे करून ऐकत होते आणि फोर्ड कागदावर चित्र काढून इंजिन समजावत होता.

सगळं ऐकल्यावर एडिसन यांनी टेबलावर मूठ आपटून त्याला शाबासकी दिली. त्यांच्या सांगण्याचा मतितार्थ असा की विजेच्या गाड्यांना वीजकेंद्राच्या आसपासच राहावं लागतं आणि त्यांच्या बॅटऱ्या फार जड असतात. फोर्डची गाडी मात्र आपलं इंधन स्वतः बरोबर घेऊन फिरते, तेव्हा त्याने तेच काम पुढे न्यावं. फोर्ड ही शाबासकी जन्मभर विसरला नाही.

आता गंमत बघा. विजेच्या गाडीची मर्यादा ज्यांनी १८९६ मध्ये इतक्या स्वच्छपणे ओळखली, त्याच एडिसन यांनी दोन-तीन वर्षांत ती मर्यादा मोडण्याचा चंग बांधला.

नऊ हजार प्रयोग

तेव्हाची परिस्थिती कशी होती? अमेरिकेत १९०० साली सुमारे ४,२०० मोटारगाड्या बनल्या. त्यांपैकी १,५७५ विजेच्या होत्या आणि पेट्रोलच्या हजारापेक्षाही कमी. बाकीच्या वाफेवर चालत. विजेच्या गाडीला धूर नाही, आवाज नाही, हँडल मारण्याचा त्रास नाही. शहरातल्या लोकांना ती आवडायची.

पण बॅटरी होती शिशाची. फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये शोधलेली शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी. आज आपल्या घरच्या इन्व्हर्टरला जी असते, तिचीच पणजी म्हणा. वजनाला भारी, आम्ल गळणारं, आणि पूर्ण उतरू दिली किंवा उतरलेलीच ठेवून दिली तर लवकर खराब होणारी.

एडिसन तेव्हा बावन्न वर्षांचे होते. न्यू जर्सीतल्या लोहखनिजाच्या उद्योगात त्यांनी मोठी रक्कम घातली होती आणि तो उद्योग बुडाला होता. अशा वेळी दुसरा कुणी शांत बसला असता. त्यांनी १८९९ च्या सुमारास नव्या बॅटरीचं काम हाती घेतलं. शिसं नको, आम्ल नको. हलकी हवी, दणकट हवी, वर्षानुवर्षं टिकायला हवी.

वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत माणसं रात्रंदिवस धातू आणि रसायनं बदलून पाहू लागली. तांबं, कोबाल्ट, कॅडमियम, निकेल, लोखंड. याच काळात स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा संशोधकही निकेलच्या बॅटरीवर काम करत होता आणि पुढे पेटंटवरून दोघांमध्ये वाद झाला. हेही मुलांना सांगायला हवं, कारण शोध एकट्या माणसाच्या डोक्यातून येतो असा आपल्या धड्यांमुळे समज होतो.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. वॉल्टर मॅलरी हा एडिसन यांचा जुना सहकारी. तो एकदा प्रयोगशाळेत आला. एडिसन एका लांबलचक बाकापाशी बसले होते आणि बाकावर शेकडो छोट्या चाचणी-बॅटऱ्या मांडल्या होत्या. नऊ हजारांहून जास्त प्रयोग झाले होते आणि हाती काहीच लागलं नव्हतं. एवढ्या कष्टाचं काहीच फळ मिळालं नाही, याबद्दल मॅलरीने हळहळ व्यक्त केली. त्यावर एडिसन हसले. फळ भरपूर मिळालं आहे, काय काय चालत नाही अशा हजारो गोष्टी आता कळल्या आहेत, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. मॅलरीने सांगितलेली ही आठवण १९१० च्या एडिसन-चरित्रात छापली गेली. पुढे सांगता सांगता बॅटरीच्या जागी बल्ब आला, आकडा कधी हजार झाला, कधी दहा हजार.

का बदलली असेल गोष्ट? मला वाटतं, बल्बच्या गोष्टीचा शेवट गोड आहे. बॅटरीच्या गोष्टीचा शेवट तितका सरळ नाही.

यश, आणि मग माघार

शेवटी निकेल आणि लोखंडाची जोडी ठरली आणि आम्लाऐवजी पोटॅशचं अल्कधर्मी द्रावण. १९०१ मध्ये एडिसन यांनी बॅटरीची कंपनी काढली आणि १९०३ पासून बॅटऱ्या विकायला सुरुवात झाली. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. शिशाची बॅटरी आता संपली, विजेच्या गाड्यांचं युग आलं, असं लोकांना वाटू लागलं. या अपेक्षा वाढवण्यात एडिसन यांचाही मोठा हात होता. माल तयार होण्याआधी मोठं बोलण्याची सवय त्यांना होती.

या बॅटऱ्या माल पोचवणाऱ्या गाड्यांत बसल्या. काही महिन्यांतच तक्रारी येऊ लागल्या. डब्यांचे सांधे गळत होते. आणखी वाईट म्हणजे काही बॅटऱ्यांची ताकद वापरता वापरता घटत होती. पूर्ण चार्ज केली तरी आधीइतकी चालेना.

पालकहो, ही तक्रार ओळखीची वाटते ना? नव्या मोबाईलची बॅटरी दोन दिवस पुरते आणि तीन वर्षांनी संध्याकाळपर्यंतही पुरत नाही. तोच हा रोग.

इथे एडिसन यांनी जे केलं ते मला त्यांच्या सगळ्या शोधांपेक्षा मोठं वाटतं. बॅटऱ्यांना मागणी होती. किरकोळ दुरुस्ती करून विकत राहणं सहज शक्य होतं. त्यांनी कारखाना थांबवला, सदोष बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगाच्या बाकावर जाऊन बसले. पैसा स्वतःचा गेला. या बॅटरीपायी एकूण दहा लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला.

पुढची पाच वर्षं ताकद का घटते हे शोधण्यात गेली. निकेलचं संयुग वीज नीट वाहून नेत नव्हतं आणि चार्ज होताना-उतरताना फुगून-आकसून आपली जागा सोडत होतं. उपाय निघाला तो कमालीचा चिकाटीचा. भोकं पाडलेल्या पोलादी नळीत निकेलच्या संयुगाचा एक थर, मग निकेलच्या अतिशय पातळ पापुद्र्यांचा एक थर, असे शेकडो थर दाबून भरायचे. द्रावणात थोडं लिथियमचं संयुग घातलं की क्षमता वाढते, हेही याच प्रयोगांत लक्षात आलं. आजच्या गाड्यांच्या बॅटरीशी नाव जोडलेला लिथियम एडिसनच्या बॅटरीतही होता. काम मात्र अगदी वेगळं होतं बरं का. मुलांचा इथे गोंधळ होतो.

नव्या बॅटऱ्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून खाली फेकून पाहिल्या, धक्के देऊन पाहिल्या. १९०९-१० मध्ये सुधारलेली बॅटरी बाजारात आली. सुरुवातीपासून मोजलं तर दहा वर्षं. बॅटरीशी संबंधित एडिसन यांची १४१ पेटंट आहेत.

ही बॅटरी खरोखर चांगली होती. दणकट होती, पूर्ण उतरली तरी बिघडत नव्हती, दशकानुदशके टिकत होती. डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची त्या काळची लोकप्रिय गाडी १९११ पासून ती जादा ६०० डॉलर घेऊन बसवून देऊ लागली. त्या गाडीची जाहिरात एका चार्जिंगमध्ये ८० मैल अशी होती. एका चाचणीत तर ती २११ मैल धावली. चाचणीतला आकडा वेगळा आणि रोजच्या रस्त्यावरचा वेगळा, हे शंभर वर्षांपूर्वीपासूनचं आहे बघा.

गाडी हरली, बॅटरी उरली

पण एवढं होईपर्यंत रस्ता बदलला होता. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली. सुरुवातीला ८५० डॉलरची ही गाडी पुढे १९२५ पर्यंत २६० डॉलरवर उतरली. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत बटणावर चालू होणारा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचा त्रास गेला. पेट्रोल स्वस्त होतं, दोन मिनिटांत टाकी भरत होती.

एडिसनच्या बॅटरीच्या उणिवाही उघड झाल्या. ती महाग होती. कडाक्याच्या थंडीत तिची ताकद फार कमी होई. न वापरता ठेवली तरी हळूहळू उतरे. आणि एकदम मोठा प्रवाह देणं तिला जमत नसे. इंजिनाला स्टार्टर मारायला तोच लागतो. त्यामुळे पेट्रोलच्या गाडीतही शेवटी शिशाचीच बॅटरी बसली.

एव्हाना फोर्ड आणि एडिसन जिवलग मित्र झाले होते. फोर्डने बॅटरीच्या कामाला पैसाही पुरवला. १९१४ मध्ये तर एडिसनच्या बॅटरीवर चालणारी स्वस्त विजेची गाडी काढण्याचा बेत जाहीर झाला. ती गाडी कधीच बाजारात आली नाही.

मग दहा वर्षं वाया गेली का? नाही. रेल्वेच्या सिग्नलना, डब्यांतल्या दिव्यांना, खाणकामगारांच्या टोपीवरच्या दिव्यांना, कारखान्यांतल्या मालवाहू गाड्यांना ही बॅटरी चपखल बसली. रोज ठरावीक अंतर, रात्री ठरावीक जागी चार्जिंग. अशा कामात तिच्या मर्यादा आड येत नव्हत्या. एडिसन यांच्या उतारवयात या बॅटरीने चांगला नफा दिला आणि त्यांच्यानंतरही ती अनेक दशकं बनत राहिली.

एक दुःखद घटनाही सांगायला हवी. जानेवारी १९१६ मध्ये अमेरिकेच्या ई-२ पाणबुडीत एडिसनच्या बॅटऱ्या बसवलेल्या असताना बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजन वायूचा स्फोट झाला आणि काही जणांचा जीव गेला. कोंडलेल्या जागेत बॅटरी हाताळताना किती जपायला हवं, याचा हा धडा होता.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, वेस्ट ऑरेंज इथल्या घरी एडिसन यांचं निधन झालं. त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दिवे काही क्षण मंद करण्यात आले. त्या वेळी रस्त्यांवर जवळजवळ सगळ्या गाड्या पेट्रोलच्याच होत्या.

मग वर्गात काय सांगायचं?

मी दुसऱ्या दिवशी नाही, पण आठवड्याने वर्गात हे सगळं सांगितलं आणि फळ्यावर हिशेब मांडला. तुम्हीही मांडून बघा.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते आणि त्याचं वजन भरतं सुमारे पाऊण किलो. आजची लिथियम-आयन बॅटरी एका किलोत साधारण ०.१५ ते ०.२५ युनिट साठवते. स्कूटरची बॅटरी अडीच युनिटची धरली तर आवरणासकट वीस किलोच्या आसपास जाते. पेट्रोलचं इंजिन बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि विजेची मोटर फार थोडी, म्हणून इलेक्ट्रिक स्कूटरला एका किलोमीटरला ३५ ते ४० वॉट-तास पुरतात. अडीच युनिट म्हणजे २,५०० वॉट-तास. भागिले ४०. उत्तर साडेबासष्ट किलोमीटर!

तो मुलगा उडालाच. बाबांची स्कूटर जिथे थांबते तोच आकडा फळ्यावर आला होता. आणि तेवढंच अंतर जायला पेट्रोलची स्कूटर दीड लिटरच्या आतबाहेर, म्हणजे साधारण एक किलो इंधन वापरते. वीस किलो आणि एक किलो. बॅटरीची मर्यादा ती हीच. १८९६ मध्ये एडिसन यांनी फोर्डला हेच सांगितलं होतं.

मग शंभर किलोमीटर कुठून आले? प्रमाणपत्रासाठी गाडीची चाचणी ठरावीक वेगाने, ठरावीक पद्धतीने होते. मुंब्रा बायपासचा चढ, मागे बसलेला सोबती, शिळफाट्याची कोंडी आणि रिकामा रस्ता मिळताच वाढवलेला वेग, हे काही त्या चाचणीत नसतं. शिवाय दोन-तीन वर्षांनी क्षमता थोडी घटते. आपल्याकडच्या उन्हात तापलेली बॅटरी आणि कायम शंभर टक्के भरून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणजे आकडा पूर्ण खोटा नव्हता, पण विकणाऱ्याने तो रस्त्यावरचा आकडा म्हणून सांगायला नको होता. एडिसनच्या काळातही हेच घडलं होतं, आणि त्यांनी निदान माल परत घेतला होता.

त्या मुलीलाही उत्तर मिळालं. शास्त्रज्ञ प्रयत्न करत नाहीत असं नाही. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, तिच्या शोधासाठी २०१९ मध्ये तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं, आणि शिशाच्या बॅटरीपेक्षा ती चार-पाच पट ऊर्जा साठवते. पण त्याला शंभराहून जास्त वर्षं लागली. काही गोष्टी कितीही कष्ट केले तरी एका माणसाच्या आयुष्यात होत नाहीत. कष्ट केले की यश मिळतंच, असं मी मुलांना सांगत आले होते. आता असं सांगते की कष्ट केले की खरं काय आहे ते कळतं, आणि खरं कळलं की त्याप्रमाणे वागता येतं.

त्या मुलाने वहीतला हिशेब घरी बाबांना दाखवला. त्यांनी कामाच्या ठिकाणी विनंती करून जेवणाच्या सुट्टीत तासभर चार्जिंगची सोय मागून घेतली. तेवढ्याने येताना पंधरा-वीस किलोमीटरचा धीर मिळतो. स्कूटर विकली नाही. घरची अडचण मात्र अजून सुटलेली नाही. आपल्या वर्तकनगरातल्या जुन्या म्हाडा इमारती तुम्हाला माहीत आहेत. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नाही. मध्यंतरी तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडायचे, ती धोक्याची म्हणून बंद केली. सोसायटीच्या सभेत स्वतंत्र मीटरचा विषय आला आहे, निर्णय व्हायचा आहे.

तुमच्यासाठी उपक्रम

येत्या ११ फेब्रुवारीला, एडिसन यांच्या जयंतीला, परिपाठात बल्बऐवजी बॅटरीची गोष्ट सांगून बघा. मग मुलांना घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या इलेक्ट्रिक गाडीची माहिती आणायला सांगा. बॅटरी किती युनिटची, रोजचं अंतर किती, चार्जिंग कुठे होतं, जाहिरातीतला आकडा किती आणि प्रत्यक्ष किती. फळ्यावर तक्ता करा आणि भागाकार मुलांनाच करू द्या.

आणि पालकहो, गाडी घ्यायला जाताना मुलाला बरोबर न्या. दुकानात तो बॅटरी किती युनिटची असं विचारील, वही काढून भागाकार करील. त्याला करू द्या. मग आलेल्या आकड्यातून चढ, ओझं आणि बॅटरीचं वय यासाठी थोडं वजा करा, आणि उरलेलं अंतर तुमच्या रोजच्या फेरीला पुरतं का ते बघूनच सही करा.

तुमच्या वर्गात काय घडलं ते मला जरूर कळवा.